हिपोलितचं बटण

हिपोलित झावादा आमच्या यास्तार्न्या गावचा नव्हे. तो आला आतल्या मुलखातून, बटाट्याच्या शेतांतून. म्हणून आम्ही किनाऱ्यावरची माणसं त्याला 'अनवाण्या' म्हणायचो, पायात झकास बूट असले तरी. समुद्रात सुरुंग पेरणाऱ्या आपल्या पोलिश नौदलाच्या जहाजावर तो मुकादम होता. डेकवरच्या रुळांवरून सुरुंग मागे ढकलत न्यायचे आणि पाण्यात सोडायचे, हे त्याचं काम.

एकदा सरावाचा सुरुंग, आत दारू नसलेला, दोर तुटून वाहत गेला. कप्तान म्हणाला, "शनिवारच्या हजेरीला तो डेकवर दिसला नाही, तर तुझ्या बाहीवरची पट्टी उतरवीन."

शुक्रवारी सुरुंग आमच्या रापणीत, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्यात आला. जाळं अजून अर्धं पाण्यात, तोच हिपोलित धावत पोचला.

"सरकारी माल आहे तो, तांडेल!"

"जाळ्यात आला तो मासा," आमचा तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, लेओन बुजिश म्हणाला. "वाटणी होणार."

"सुरुंगाची वाटणी?"

"मग! हवा तर दोराला हात लाव. ओढील त्याला वाटा मिळतो, अनवाण्यालासुद्धा."

हिपोलितने बूट काढले आणि दोर धरला.

"अहो मुकादम, दोर ओढताय की गाय दोहताय?" ओटिल्या ओरडली. ही लेओनची विधवा भावजय; तिचं सरपणही लेओनलाच फोडावं लागायचं. नवरा समुद्राने नेला, पण आमच्या रिवाजाने घराचा वाटा चालू होता.

मासळीचे ढीग लागले. सुरुंग एकटाच एक ढीग. प्रत्येक घराची खूण कोरलेली लाकडी चकती लेओनच्या टोपीत पडली. हिपोलितकडे कुठली चकती? त्याने कोटाचं पितळी बटण तोडून टाकलं. लेओनने डोळे मिटून एकेक खूण ढिगांवर ठेवली. बटण पडलं सापासारख्या लांब, जाडजूड वामींच्या ढिगावर. सुरुंगावर ओटिल्याची चकती.

"बाई, सगळ्या वामी घ्या," हिपोलित काकुळतीला आला, "तेवढं लोखंड मला द्या."

"दिलं. पण एवढ्या वामी मी एकटी खाऊ? रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की जेवायला या. बटण तोवर माझ्याकडे."

पट्टी वाचली. बटण नाही म्हणून कप्तानाने रविवारी पहाऱ्यावर मात्र उभं केलं. ओटिल्याने वामी धुरावर सुकवून ठेवल्या; त्या पुढच्या रविवारी खाल्ल्या, आणि मग रविवार मोजायचं आम्ही सोडून दिलं.

नौदलातली मुदत संपताच तो ओटिल्याशी लग्न करून इथेच राहिला. आता त्या घराची खूण म्हणून टोपीत ते बटणच पडतं. डोळे मिटले तरी बोटांना पितळ आणि लाकूड वेगळं लागतं, कोरलेली खूणही कळते, असं बायका म्हणतात. मी काही म्हणत नाही. भावजयीचं सरपण फोडायची पाळी तेव्हापासून लेओनवर आली नाही, एवढं खरं.