पाणक्या खोडला, झाडूवाला लिहिला

"जात?"

हेडक्लार्कनं मान वर न करताच विचारलं. त्याच्यासमोर टेबल होतं, टेबलावर छापील फॉर्मची चळत. सगळ्यात वरच्या फॉर्मवर त्यानं माह्या नावापुढं नुकतंच 'पाणक्या' असं लिहिलं होतं. शाई वाळली नव्हती.

मी सांगतलं, "महार."

त्याचा टाक थांबला. मंग त्यानं पहिल्यांदा माह्याकडं पाह्यलं.

"अरे, मग आधी सांगायचं नाही का? महार पाणक्या कसा चालेल? उद्या वरून कोणी विचारलं, प्रोफेसरसाहेब कोणाच्या हातचं पाणी पितात, तर मी काय सांगू?"

त्यानं 'पाणक्या'वर आडवी रेघ ओढली. मंग हुद्द्यांच्या यादीवरून बोट खाली खाली नेत गेला. चपराशी, चौकीदार, फरास, हमाल. यादी संपली तिथं बोट थांबलं. "झाडूवाला. हे बसतं."

"सायेब, मी झाडत नाही," मी म्हटलं. "मी तळ्याच्या पाण्याचं माप घेतो. काट्यावर मीठ तोलतो. रोजची वही लिहितो."

"करत असशील. पण तसा हुद्दा इन्फिरिअरच्या यादीत नाही. अंगठा दे."

"मले सही येते. इंग्रजीतबी येते."

"सही सुपीरिअरवाल्यांची. त्यांचं सर्व्हिस बुक असतं. तुमचा नुसता रोल. रोलवर अंगठा लागतो."

शाईची गादी त्यानं हातानं नाही देल्ली. रुळानं ढकलली, माह्याकडं. मी अंगठा टेकवला. हो, टेकवला. तवा मी गुमान टेकवला, हे सांगायची लाज वाटते, पण लपवून काय करू?

हे झालं लोणारले, तळ्याच्या वरच्या अंगाले. विद्यापीठानं तिथं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. लढाईचे दिवस होते, बाहेरून सोडा येणं बंद पडलं होतं. तळ्याच्या खाऱ्या पाण्यातून किती सोडा निंगते हे पाहायले एक प्रोफेसर येऊन राह्यले होते. त्यायले माहितगार माणूस पाह्यजे होता. मी सुलतानपूरचा. माहा बाप, माही आत्या, सारे उन्हाळ्यात ठेकेदाराच्या हाताखाली तळ्याच्या काठचं मीठ खरवडत. कोणतं मीठ काठावर धरते, कोणतं तळातून काढा लागते, हे मले चालता येत नव्हतं तवापासून माहीत. वरून मी सातवी पास, अन् मेहकरले दोन वर्षं इंग्रजी शाळेत, दाराच्या बाहेर बसून. गावानं माहं नाव सांगतलं. आठ दिवसांत प्रोफेसरांनी मले वही देल्ली.

सकाळी मी खाली उतरो. चिखलात गुडघ्याइतका जाऊन पट्टीवरची पाण्याची उंची पाहो, थर्मामीटर बुडवो, बाटल्या भरो. वर येऊन चिनी मातीच्या वाटीत पाणी आटवायचं अन् उरलं ते मीठ काचेच्या पेटीतल्या काट्यावर तोलायचं. श्वास लागला तरी काटा हालते. म्हणून मी श्वास रोखून तोलो. मले ते काम लय आवडे. खरं सांगतो, जिंदगीत पहिल्यांदा माह्या हाताखाली अशी चीज होती का जिच्याशी हयगय केली तर तीच चाडी सांगे, अन् बरोबर केलं तर जात विचारत नव्हती.

अंगठा देऊन मी सरळ प्रोफेसरांकडं गेलो. "सर, मले झाडूवाला लिहिलं."

ते हसले. वाईट नाही हसले, मायेनं हसले. "कागदाचं काय मनावर घेतोस? काम तर तेच करतोस ना? मी आहे इथं."

माणूस भला होता. माह्या पोराच्या तापाले त्यायनं स्वतःजवळची गोळी देल्ली होती. म्हणून मी ऐकून घेतलं. शिवी देणाऱ्याशी भांडता येते. भल्या माणसाशी कसं भांडावं हे मले कोणी शिकवलं नव्हतं.

बाटल्यांच्या पेट्या करायले करीमचाचा होते, लोणारचेच सुतार. त्यायले हमाल लिहिलं होतं. चाळीस वर्षं रंधा मारलेला माणूस, अन् हमाल. ते बिडी ओढत हसून राह्यले होते.

"इन्फिरिअर म्हंजे काय बे?" त्यायनं विचारलं.

"खालच्या दर्जाचा."

"काम का माणूस?"

"माणूस, चाचा. कामाचं तर नावच नाही त्यात."

चाचानं बिडी विझवली. "जाऊ दे ना. पोट चालते." मीबी तेच म्हटलं. पण तिथून पुढं वही लिहाले बसलो का तो शब्द आडवा ये. आकडा लिहो अन् वाटे, हा आकडा झाडूवाल्यानं लिहिला. दोनदा तोलो. तीनदा तोलो. चुकलो तर म्हणतील, झाडूवालाच तो. झोप गेली माही. बायको म्हणे, तुमाले झालं तरी काय? काय सांगू तिले?

सहा महिन्यांनी विद्यापीठाची कमिटी येणार असं कळलं. तिच्यासोबत हेडक्लार्क येणार अन् हुद्दे कायम करणार. बाबांनी घरी सांगून ठेवलं, "कायम होय बे. आपल्या महारवाड्यात आजवर कायम कोण झालं?" मलेबी पाह्यजेच होतं ते. नाही कसं म्हणू? पण मनात होतं का सर कमिटीले सांगतील, हा माणूस तोलते, हा लिहिते, याचा हुद्दा दुरुस्त करा. एका वाक्याचं काम होतं.

कमिटी आली त्या सकाळी सरांनी मले बाजूले घेतलं. कोपऱ्यात नवा झाडू होता. मुद्दाम आणवलेला.

"आज तू काट्याजवळ थांबू नको. व्हरांड्यात झाडू घेऊन उभा राहा. कागदावर आहे तेच दिसायला हवं. नाहीतर तुझंच नुकसान होईल."

मंग त्यायनं मिठाच्या ताटल्यांवरच्या चिठ्ठ्या काढून घेतल्या. माह्या अक्षरातल्या. एक एक उचलून खिशात घातली.

मी झाडू धरून उभा राह्यलो. झाडूले वजन ते काय, पण हाताले तो जड लागत होता. झाडायचं काम हलकं आहे म्हणून नाही म्हणत मी. माही आत्या सरकारी दवाखाना झाडे, तिच्या हातची फरशी पाहून डॉक्टर जोडे काढे. पण ते तिचं काम होतं. माहं नव्हतं. माहं काम आत काचेच्या पेटीत होतं अन् मी बाहेर सोंग घेऊन उभा होतो.

कमिटीत एक म्हातारे गृहस्थ होते, काळा कोट घातलेले. त्यायनं ताटलीतला एक खडा उचलला. "ही काठावरची पापडी का?"

सरांनी ताटलीकडं पाह्यलं. चिठ्ठी नव्हती. "हो, पापडीच," ते म्हणले.

माह्या तोंडून निंगून गेलं, "पापडी नाही सायेब, दल्ला आहे. तळातून काढला. पापडी बोटात चुरते, हा चुरत नाही. दाबून पाहा."

म्हाताऱ्यानं दाबून पाह्यलं. चुरला नाही. त्यानं माह्याकडं पाह्यलं, मंग झाडूकडं. सरांना विचारलं, "हा कोण?"

आता सांगतील, मले वाटलं. आता.

"स्वीपर आहे," सर म्हणले. "इथंच असतो. ऐकून ऐकून पाठ झालंय त्याला."

माह्या अंगाची आग झाली. ऐकून? कोणाचं ऐकून? दल्ला काय अन् पापडी काय हे या माणसानं माह्या तोंडून ऐकलं, चिखलाच्या काठावर छत्रीखाली उभं राहून, अन् मी चिखलात होतो. म्हातारे "वा" म्हणले अन् पुढं गेले. पाळलेला राघू बोलला का म्हणतात तसं वा. तिथंच मले उमजलं. हेडक्लार्कनं फक्त लिहिलं होतं. मानलं तर सरांनी होतं, आधीपासून. ज्या दिवशी वही देल्ली त्या दिवशीबी.

जेवणं झाली. टेबल मांडलं. आधी करीमचाचांचा अंगठा झाला. मंग माहं नाव पुकारलं.

मी झाडू भिंतीले टेकवला अन् पुढं गेलो.

"हुद्दा दुरुस्त करा," मी म्हटलं, "मंग कायम करा."

"तसं पद नाही," हेडक्लार्क म्हणला.

"नसंल तर रकाना कोरा ठेवा."

"कोरा ठेवला तर नोकरी नाही."

"मंग नोकरी नाही."

सर लगबगीनं आले. "वेडा झालास का? तुझ्या भल्यासाठी सांगतो आहे मी."

"सर," मी म्हटलं, "वही आणा. कमिटीसमोर एवढंच सांगा, अक्षर कोणाचं आहे."

सरांनी चिठ्ठ्यांच्या खिशावर हात ठेवला अन् काळ्या कोटवाल्यांकडं पाह्यलं. काळ्या कोटवाल्यांनी घड्याळ काढून पाह्यलं. हेडक्लार्कनं पुढचं नाव घेतलं. मी पायऱ्या उतरलो.

बाबा महिनाभर बोलले नाहीत. एक दिवस बोलले ते एवढंच, "अंगठाच तर होता." मी मेहकरच्या सडकेवर गिट्टी फोडाले लागलो. पस्तावा झाला का, लोक विचारतात. झाला. पोरगं उपाशी झोपलं तवा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्हता.

मंग मी महारवाड्यांत फिरलो. सुलतानपूरले गेलो, लोणारले गेलो, जानेफळच्या सोयऱ्यांकडं गेलो. जे जे तळ्यात उतरत त्यायच्या ओट्यावर बसलो अन् सांगतलं का तिथं आपल्या कामाले नाव नाही, फक्त जातीले आहे. काहींनी मले येड्यात काढलं. काही गुमान ऐकत राह्यले. पण पुढच्या हप्त्यात विद्यापीठाच्या बाटल्या घेऊन कोणी खाली उतरलं नाही. त्याच्या पुढच्या हप्त्यातबी नाही.

करीमचाचा सडकेवर आले, दुपारचे, घामानं भिजलेले. "बेटा, सायबानं पाठवलं. आकडे जुळून नाही राह्यले म्हणते. अंगठाबी नको म्हणते. रोलमध्ये नावच नको. असाच येत जा, पैशाचं वरच्या वर पाहून घेऊ."

"म्हंजे मी तिथं आहे अन् कागदावर कुठीच नाही."

"हाव, तसंच." चाचा खाली पाहून राह्यले होते. "काय सांगू त्यायले?"

"सांगा, चाचा, का पाणी पाह्यजे असंल तर जोडे काढून स्वतः उतरा. चिखल कोणाले अडवत नाही. आमच्यातला कोणी उतरणार नाही, लेकरूबी नाही. ज्या दिवशी यादीत माह्या कामाचं नाव छापून येईल, माह्यासाठी नाही, ते काम करन त्याच्यासाठी, त्या दिवशी या. त्याच्या अगोदर एक दिवसबी नाही."