साडभाऊंचा परदा

जगात कामं अर्धवट करणारी माणसं पुष्कळ आहेत, पण अर्धवट काम एवढ्या अभिमानानं दाखवणारा माणूस परमेश्वरानं एकच घडवला, आणि तोही घडवून पुरा व्हायच्या आत माझा साडू म्हणून बालाघाटला पाठवून दिला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आम्ही त्यांना साडभाऊ म्हणतो. त्यांची सारी नोकरी मलाजखंडच्या खाणीत झाली. खाणीत सुरुंग उडायच्या आधी भोंगा वाजवतात. साडभाऊ आयुष्यभर नुसता भोंगाच वाजवत आले. घराची वास्तुशांत त्यांनी स्लॅब टाकायच्या आधी उरकली. गुरुजी एका हातात छत्री धरून मंत्र म्हणत होते आणि यजमान पाहुण्यांना वर बोट करून, जिथं फक्त एक कावळा उडत होता तिथं, "इथं पंखा येणार" म्हणून सांगत होते. जेवायला बोलावलं की भात शिजत असतानाच झाकण काढून आपल्या नाकाखाली धरणार. "झाला नाही अजून, पण कसा होऊन राह्यला ते तं पाहा!" मुलीच्या लग्नाचे पेढे तर त्यांनी मुलाकडच्यांचा होकार यायच्या आधीच वाटले, आणि मुलाकडच्यांनी नकार कळवला. पुढच्या स्थळाच्या वेळी गल्लीतली मंडळी पेढा हातात घेऊन आधी विचारायची, "पक्का आहे ना हा?"

निवृत्त झाल्यावर हा माणूस कॉम्प्युटरकडे वळला, त्याला कारण ताई, म्हणजे त्यांची बायको. ताई गोष्टी फार रंगवून सांगते. रायपूरची नात फोनवर रोज "नानी, फिर क्या हुआ?" म्हणून तिचा जीव खाते. नातीला मराठी कळतं, बोलता येत नाही, आणि आपण गेल्यावर आपली बोली पोरीच्या कानावर कोण घालेल, ही ताईची काळजी. म्हणून सगळ्या गोष्टी लिहून ठेवायचं तिनं मनावर घेतलं. मनगट मोडल्यापासून तिला पेन धरवत नाही, तेव्हा टाइप करणं आलं. पण बाजारात मिळणारा प्रोग्राम तिच्या प्रत्येक 'मले' आणि 'तुले'खाली लाल नागमोडी रेघ ओढायचा. ताई भडकली. "हे तं शाळेतलं मास्तर आहे! याच्यासमोर कोण बोलणार?"

"मीच बनवतो तुझ्यासाठी," साडभाऊ म्हणाले, आणि व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी खरोखरच लिहायचा एक प्रोग्राम बनवला. अर्थात पुरा व्हायच्या आत आम्हाला दाखवायला बोलावलं. मी तपासनीस. माझी पात्रता एवढीच की ऑफिसातला बंद पडलेला प्रिंटर मी एकदा बंद करून पुन्हा चालू केला होता.

ताईनं एक अक्षर दाबलं. सगळा पडदा पांढराफटक झाला, मग वरून एकेक ओळ उगवत अक्षरं परत आली. दुसरं अक्षर, पुन्हा तेच. चार ओळींत माझे डोळे गरगरले. ताईला तर अर्धशिशीचा जुना त्रास. तिसऱ्या पानावर तिनं कपाळाला दुपट्टा घट्ट बांधला आणि कीबोर्ड दूर सारला.

पुढं कित्येक दिवस साडभाऊंनी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त आपल्या प्रोग्रामवर नाही. आधी ट्यूबलाइट बदलली. मग व्होल्टेजला शिव्या घालून स्टॅबिलायझर आणला. मग ताईला मोतीबिंदूच्या वेळचा काळा चष्मा लावून बसवलं. शेवटी तर म्हणाले, "असं कर, ते झपकलं का तूही डोळे झपक. दोघांचं जमलं तं काही दिसणारच नाही." मी गंभीरपणे मान डोलावली, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"डोक्स दुखून राह्यलं माझं! नाही लिहत मी आता," ताई म्हणाली. "पोरीले सांगा, नानीच्या गोष्टी सरल्या."

साडभाऊंचा चेहरा पडला. "काहून अशी बोलते? थोडंसंच राह्यलं आहे."

"तुमचं जलमभर थोडंसंच राह्यलं! रामपायलीच्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकात परदा ओढाले उभं केलतं तुमाले, तेव्हाही तेच. राजा मुकुट बांधूनच राह्यला होता अन् तुम्ही ओढला परदा! राजा अन् राक्षस एकच बिडी ओढत बसले होते, साऱ्या गावानं पाह्यलं!"

मी हसलो. साडभाऊ हसले नाहीत. त्यांनी स्वतः एक अक्षर दाबलं, वरून ओळी उगवताना पाहिल्या आणि म्हणाले, "हौ ना. इथंही राजा मुकुट बांधूनच राह्यला आहे."

मला त्यांनी नंतर समजावलं ते असं: प्रत्येक अक्षराला त्यांचा प्रोग्राम सगळं पुसून आपल्या डोळ्यांदेखत नवं चित्र काढत होता. आता चित्र आधी मागं, कोणाला न दिसता, पुरं काढायचं आणि तयार झालं की एकदम समोर ठेवायचं. मी विचारलं, "म्हणजे पुरं होईपर्यंत दाखवायचंच नाही? तुम्ही?" ते म्हणाले, "नाही."

आणि खरंच, त्या दिवसांत त्यांचा एक फोन आला नाही. "कसं होऊन राह्यलं ते पाहा" ऐकल्याशिवाय मला जेवण गोड लागेना, हे मी बायकोला सांगितलं नाही.

मग एका संध्याकाळी बोलावणं आलं. ताई टाइप करत होती, अक्षरं शांतपणे एकापुढे एक बसत होती, डोक्याला दुपट्टा नव्हता. मी तपासनीसाच्या इभ्रतीखातर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला आणि मला चूक सापडली. "साडभाऊ, उघडताना एकदा झपकते अजून!"

"माहीत आहे मले," ते आवाज खाली आणून म्हणाले. "ते तेवढं राहू द्या."

"काहून?"

ताईनंच उत्तर दिलं, पडद्यावरची नजर न काढता. "त्या दिवशी मंडईत परदा बरोबर टायमाले उघडला असता, तं मी हासली असती का? अन् मी हासली नसती, तं यायनं वळून पाह्यलं असतं का, कोण हासली म्हणून?"

साडभाऊ उगाचच स्टॅबिलायझरचं बटण पुसू लागले. ताईनं प्रोग्राम बंद केला, पुन्हा उघडला. पडदा एकदाच झपकला. ती तोंडाला पदर लावून हसली, आणि नातीची गोष्ट पुढं लिहायला लागली.