गयाबाईंची काळबोंडी

कुणाच्याही घरात शिरलं की गयाबाई आधी आढ्याकडे बघायच्या. समोर माणसं बसलेली असोत, पाण्याचा तांब्या पुढे आलेला असो, बाईंची मान वर! आमच्याकडे बियाण्याची कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगतात. धुरामुळे कीड लागत नाही. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हाही त्यांनी छत न्याहाळलं आणि विचारलं, "भाऊसाहेब, बी कुटं टांगता तुमी?" मी ऐटीत लोखंडी कपाट दाखवलं. बाई पोट धरून हसल्या.

ही दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. नगरबाहेर भिंगारच्या अंगाला ज्वारीच्या संशोधनाचं एक सरकारी शेत होतं आणि मी तिथला बी-संग्रहाचा कारकून. आमचे साहेब पुण्याहून आलेले वनस्पतिशास्त्रज्ञ. गावोगावचे जुने वाण नाहीसे व्हायच्या आत गोळा करायचे, लावायचे, त्यांचे गुण टिपायचे, हा त्यांचा ध्यास. पण लोक बी देतील तर शपथ! सक्तीनं धान्य वसूल करणाऱ्या लेव्हीचे दिवस, सरकारी माणूस धान्य मागतोय म्हटल्यावर दारं बंद. गयाबाई आमच्याकडे रोजंदारीला होत्या, पन्नाशीच्या, विधवा, तोंडाने फटकळ. एकदा थेट साहेबांनाच म्हणाल्या, "सायेब, बी मागत्यात व्हय कुटं? बी बदलून न्हेत्यात!" दुसऱ्या दिवशी ओटीत स्वतःच्या रानातला शाळू भरून आमच्याबरोबर निघाल्या. मूठभर द्यायचं, मूठभर घ्यायचं. वर्षभरात कपाट भरलं. "शास्त्रज्ञ तुम्ही की मी?" असं साहेब विचारायचे. "तुमी नावं ल्ह्या, मी वळकते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्यांचा जीव मात्र काळबोंडीत अडकला होता. काळ्या बोंडाची, बारीक दाण्याची, मुरमाड रानात येणारी ज्वारी. "दुष्काळात समदं रान करपलं, पर माज्या बापाची काळबोंडी हुबी ऱ्हायली. तिच्या भाकरीवर जगले मी," हे त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवलं असेल. भाकरी काळपट होते म्हणून पुढे लोकांनी ती पेरायची सोडली. पाण्याविना तग धरणारा वाण म्हटल्यावर साहेबांनाही झोप येईना. दोन हिवाळे आम्ही गाव न् गाव पालथं घातलं. शेवगावच्या बाजूला तर कुणाला नावही आठवत नव्हतं.

मग पावसाळा सरता सरता, पाथर्डीच्या डोंगराकडच्या एका गावात, एका म्हातारीच्या घरात गयाबाई किंचाळल्या, "भाऊसाहेब! हाय! हाय!" साप निघाला समजून मी उंबऱ्याबाहेर उडी मारली. वर एकच काळं कणीस लोंबत होतं. म्हातारी देईना. "तेवडंच हाय. गेलं तर वाण बुडाला माजा." गयाबाईंनी तिचे पाय धरले. "दुप्पट आनून देते, मावशे. माज्या लेकराची आन!" शेवटी म्हातारीनं ते काढून दिलं. सर्व्हिस मोटारीत बाईंनी ते पदराखाली असं धरलं होतं, की शेजारचीनं बाळ किती महिन्यांचं म्हणून विचारलं.

आणि मग मी पराक्रम केला. नियम असा, की पेरणीआधी शंभर दाणे ओल्या फडक्यात घालून उगवण तपासायची. ते जुनं कणीस मळून पाखडलं तर धड दाणे निघाले शंभराला थोडेच जास्त. मी नियमाप्रमाणे शंभर मोजले आणि भिजवले! तिसऱ्या दिवशी गयाबाईंनी फडकं उघडलं. पांढरेशुभ्र मोड.

"आरं द्येवा! समदं भिजवलंस, भल्या मानसा?" रागाच्या भरात माझं भाऊसाहेबपण कुठल्या कुठे गेलं.

"अहो, नियम आहे..."

"मग आता नियम पेर!"

मोड वाळवले तर मेले, आणि परतीचा पाऊस न आल्यानं शेतात ओल नाही. ओली जमीन एकच होती: साहेबांच्या बंगल्यापुढचा गुलाबाचा वाफा. बाई तिकडे धावल्या आणि सरळ गुलाब उपटायला लागल्या. आता नोकरी गेली म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर काय, कोट काढून साहेब दुसऱ्या टोकाने उपटत होते! आम्ही तिघांनी गुडघे टेकून एकेक मोड बोटानं मातीत लावला. पुढे कणसं निसवली तेव्हा दुसरा पराग बसू नये म्हणून साहेबांनी त्यांना कागदी पिशव्या बांधल्या. "टोपडी घातली लेकरास्नी," म्हणत बाई वाफ्याभोवती अक्षरशः नाचल्या.

पण बी हाती आलं आणि साहेब अडले. वाणाची नोंद झाली, आता वरून परवानगी आल्याशिवाय दाणाही बाहेर जाणार नाही. गयाबाई कडाडल्या, "मी आन घेतलीया! आनि सायेब, म्हातारीनं एकाच घरात ठिवलं म्हनून बुडत आलं हुतं. तुमी बी तेच करताय!" साहेब दिवसभर धुसफुसले. संध्याकाळी स्वतःच कपाट उघडून म्हणाले, "निम्मं इथं, निम्मं गावांत. जे होईल ते मी निस्तरतो." म्हातारीला दुप्पट पोचलं. उरलेलं बाईंनी ओटीत घातलं आणि वर्षानुवर्षं, जत्रेत, बाजारात, सोयऱ्यांकडे, बदलत हिंडल्या.

स्वातंत्र्यानंतरच्या हिवाळ्यात त्या तापानं गेल्या. मी ढसाढसा रडलो.

पुढच्या कोरड्या साली शेवगावकडचा एक शेतकरी ऑफिसात आला. समदं रान गेलं, येवडंच आलं म्हणत त्यानं टेबलावर कणीस ठेवलं. काळबोंडी! मी खुर्चीवरून उठलोच. "कुठून मिळाली ही तुम्हाला?"

तो चांगलाच दुखावला. "मिळाली? आवं, आमचीच हाय ती! आमच्या आज्याच्या आज्यापास्नं हाय आमच्या गावात!"

त्यानं गावाचं नाव सांगितलं. कुणाला काळबोंडीचं नावही आठवत नव्हतं, त्यांतलंच! मी तोंड उघडलं. मग मिटलं. हसू आवरेना, डोळे भरून आले.

"खरं आहे, पाटील," मी म्हणालो. "तुमचीच आहे."