येळवशीच्या आधी चाटू

अंघोळीच्या पाण्याखाली जाळ घालताना ज्ञानूनं दोन काटक्यांबरोबर शेजारच्या रत्नम्माचा लाकडी चाटूही चुलीत सारला. सारला तो सारला, वर फुंकणीनं चांगली दमदार फुंकही मारली. बायको चिमाबाई नळावरून घागर घेऊन आली तेव्हा चाटूची वाटी जळून गेली होती आणि दांडा तेवढा चुलीबाहेर डोकावत होता.

"अवं, ह्यो काय जाळलासा?"

"लाकूड."

"लाकूडच की! पर शेजारणीचं! खिरीला मागून आणलं हुतं मी."

ज्ञानूचे हात असेच होते. काय करतात ते त्याला मागाहून कळायचं. मंद्रूपकडच्या धनगराचं पोर. बापानं दुष्काळात मेंढरं विकली आणि हा सोलापुरात येऊन गिरणीत तुटलेले धागे सांधायला लागला. त्या वर्षी कापड उठत नव्हतं, म्हणून गिरणी आठवडाभर चालू, आठवडाभर बंद. बंदच्या दिवशी ज्ञानू मिशी ओढी, उंबऱ्याचा खिळा उपशी, तो पुन्हा ठोकी, आणि चिमाबाईनं निवडलेली डाळ परत निवडताना तीत दोन खडे टाकून येई.

चाटू साधा असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण पाचव्या दिवशी येळवस होती. त्या अवसेला रत्नम्मासारख्या लिंगायतांच्या घरचं झाडून सगळं माणूस शेतात जेवायला जातं आणि आदल्या दिवशी घरात मोठं भांडं भरून आंबील शिजते. ताकातली ती आंबट आंबील पितळेच्या पळीनं ढवळली की कळकते, धातूची चव उतरते. चाटू लाकडाचाच लागतो. बाजारात चाटूंचे ढीग लागतात ते गड्ड्याच्या जत्रेत, म्हणजे संक्रांतीला. सुतारानं बैलगाडीच्या चाकावरून मानही वर न करता सांगितलं, "संक्रांतीनंतर ये."

"ही खोली रत्नम्मा अक्कानं मिळवून दिली आपल्याला," चिमाबाई म्हणाली. "तिच्या दारात मी रिकाम्या हातानं जायची न्हाय. ज्या हातानं जाळला, त्याच हातानं करा."

ज्ञानूला हे ऐकून बरंच वाटलं. हातांना काम मिळालं होतं. आता फक्त चाकू हवा.

मंगळवार पेठेतल्या दुकानात काचेमागं शिंगाच्या मुठीचा, मिटता चाकू होता. पातं असं चकाकत होतं की ज्ञानूला त्यात स्वतःची मिशी दिसली. त्यानं मनगटाला थुंकी लावली आणि पातं फिरवलं. केस सपाट गेले. घरी मेंढरं कातरायच्या आधी बाप कातरीची अशीच परीक्षा घ्यायचा. लोकरीला ती परीक्षा पुरते; लाकडाला पुरत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आंब्याच्या फांदीवर त्यानं पहिला जोर लावला आणि चाकू मिटला तो थेट बोटांवर.

"चाटू ऱ्हायला," हळद दाबत चिमाबाई म्हणाली, "बोटं मातर झ्याक तासली."

दुसऱ्या दिवशी त्यानं खाटकाची सुरी मागून आणली. हिचं पातं वीतभर. मूठ इकडं जाई, टोक भलतीकडं. दुपारपर्यंत फांदीचं कुसळ झालं. तोवर ज्ञानू चार वेळा उठला, चार वेळा बसला, एकदा तर उगीच गिरणीच्या फाटकापर्यंत जाऊन आला.

तिसऱ्या दिवशी त्यानं अक्कलकोट रस्त्याच्या कडेला उतरलेल्या घिसाड्यांचं पाल गाठलं. म्हातारा जोतीराम भात्याजवळ विळ्याला पाणी देत होता. ज्ञानूच्या बांधलेल्या बोटांकडं बघून त्यानं विचारलं, "मिटता चाकू घेतलास व्हय?"

"तुमाला कसं कळलं मामा?"

"बोटं सांगत्यात की. ऐक. पातं चार बोटं, जास्त न्हाय. मिटणारं न्हाय. पाठ जाड, धार पातळ. आन् मूठ अशी की मुठीत पोकळी ऱ्हायली न्हाय पायजे. आन् वाटी कशानं कोरणार? सरळ पातं वाटीत जातंय व्हय? त्याला वाकडं पातं पायजे, कुत्र्याच्या शेपटीगत."

"मंजे दोन?"

"दोन. पोलाद आण चांगलं. पट्टीचं लोखंड दोन दिसांत बोथाटतंय."

चांगलं पोलाद ज्ञानूच्या घरी एकच होतं. बापाची कातर. चार वर्षं ती खुंटीला टांगलेली, गंजलेली. खाली मेंढरू नव्हतं की कातरायला लोकर नव्हती. तरी ज्ञानूनं ती तीनदा काढली, तीनदा टांगली.

"मेंढरं येणार हायती का परत?" चिमाबाईनं विचारलं.

ज्ञानूनं ती चौथ्यांदा खुंटीवरून काढली. कातर धोतरात गुंडाळून तो चालू लागला.

जोतीरामानं मधली खीळ उडवली आणि दोन पाती वेगळी केली. एक तोडून आखूड केलं, एक तापवून वाकवलं. ठोक्यागणिक ज्ञानू डोळे मिटत होता. दोन्ही मुठी बाभळीच्या, लठ्ठ. मजुरी विचारली तर म्हातारा म्हणाला, "एक चाटू दे मला. माझी म्हातारी उलथण्यानं कालवण ढवळतीया."

"अक्काचा झाला की तुमचा. देवाशप्पत."

येळवशीच्या आदल्या दिवशी सूर्य डोक्यावर आला आणि रत्नम्मा दारात उभी राहिली. "चिमा, चाटू दे गं. ताक आलंय."

चिमाबाईनं ज्ञानूकडं पाहिलं. ज्ञानू लाकडाच्या ढलप्या अंगभर घेऊन बसला होता. वाटीची शेवटची कड तासून होत होती.

"अक्का," तो उभा राहिला, "तुमचा चाटू मी जाळला. न बघता. ह्यो घ्या."

"अय्यय्यो!" रत्नम्मानं चाटू हातात घेऊन फिरवला. "मान मोडलीया की रे ह्याची! डावीकडं बघतोय."

"अजून माझ्या हाताला वळण न्हाय, अक्का."

"तुझ्या हाताला न्हाय, ते दिसतंय." तिनं वाटीत अंगठा फिरवला, मग पुन्हा फिरवला. कुसळ कुठंच लागलं नाही. चिमाबाईनं घाईनं वाटीत गुळाचा खडा ठेवला. मागून आणलेली वस्तू रिकामी परत करत नाहीत. रत्नम्मा गूळ तोंडात टाकून निघून गेली. रागावली की नाही, दोघांनाही कळेना. ज्ञानू संध्याकाळपर्यंत उंबऱ्याचा खिळा उपसत बसला.

येळवशीच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी रत्नम्माच्या शेतावरून तांब्याभर आंबील आली. ज्ञानूनं घोट घेतला, जिभेवर घोळवला, पुन्हा घेतला. कळकलेली नव्हती.

तांब्या खाली ठेवून तो लगेच दुसऱ्या फांदीला लागला. हा चाटू सरळ झाला, अगदी सरळ. तो घेऊन अक्कलकोट रस्त्यावर गेला तर पालांच्या जागी तीन दगड आणि राख. कुणी म्हणालं मोहोळला गेले, कुणी म्हणालं करकंबच्या बाजाराला.

तो चाटू आढ्याच्या वाशात खोचलेला आहे. एकदा चिमाबाई डाळीला काढायला गेली तर ज्ञानू खेकसला, "त्यो आपला न्हाय!" परवा बोळात ठोकण्याचा आवाज आला म्हणून तो भरल्या ताटावरून उठला, चाटू उपसला आणि उष्ट्या हातानं कोपऱ्यापर्यंत धावला. कल्हईवाला होता.