घोड्यावरून केलेलं रेकॉर्डिंग

दसऱ्याच्या आधीचा रविवार, दुपारी. ठिकाण परभणी, आमच्या कापडाच्या दुकानाचा माळा. हजर: मी, माझा धाकटा भाऊ, भावजय आणि बँजोमास्तर. गैरहजर कोणी नाही, कारण बोलावलेच एवढे होते.

बँजो म्हणजे टाइपरायटरसारख्या कळा असलेलं तारांचं वाद्य. मिरवणुकीत ते हातगाडीवर ठेवून भोंग्याला जोडतात. मागून ढोलकी, ताशा, हलगी चालतात. मास्तरांची पार्टी एक चाल धरायची आणि लोक नाचतायत तोवर ती ताणायची. मध्येच ठेका बदलायचा, चाल भलतीकडेच निघायची आणि आता हे परत कसे येणार म्हणेपर्यंत बरोबर जागेवर यायची. एकच चाल दोन लग्नांत सारखी वाजली, असं कधी झालं नाही. म्हणून आम्ही शौकीन मंडळी रेकॉर्डिंग करत आलो, आधी टेपवर, मग मोबाइलवर. देवाणघेवाणीचा नियम साधा: एक न्यायचं तर एक द्यायचं. अशी गंगाखेड, जिंतूर, सेलू इथली कितीतरी रेकॉर्डिंगं माझ्याकडे हार्ड डिस्कवर आहेत. प्रत्येकापुढे गाव, कोणी केलं, कुठे उभं राहून केलं आणि दर्जा: अ, ब किंवा क.

त्या दिवशीचं काम ठरलेलं होतं. डिस्क भरली होती, ‘क’ दर्जाचं पुसून जागा करायची. पुसण्याआधी मास्तरांना एकदा विचारावं म्हणून त्यांना बोलावलं. ते आले ते स्वतःचंच काम घेऊन.

त्यांच्या पार्टीत ढोलकीवर त्यांचे थोरले भाऊ असायचे. ते दोन वर्षांपूर्वी वारले. वहिनी पोखर्णीला असतात. “वहिनी म्हणती, फोटो हाय भिंतीवर, पण त्यातून आवाज येत न्हाई. दादाची ढोलकी कुठं घावती का बघा ताई,” मास्तर म्हणाले. “मी लय मोठ्या तोंडानं सांगून आलोय, परभणीच्या ताईंकडं समदं हाय म्हणून.”

मी ‘अ’ दर्जापासून सुरुवात केली. एक लावलं, दुसरं लावलं, तिसरं लावलं. बँजो झकास, ढोलकी मात्र कुठेतरी तळाशी. कारण उघड होतं. आम्ही सगळे शौकीन भोंग्याला चिकटून उभे राहणारे. ढोलकीवाला चालतो मागे, घोड्याच्या पुढ्यात, नवरदेवाकडे तोंड करून. तिथे कोण जातो?

“ह्यात सगळीकडं मीच हाय,” मास्तर हळूच म्हणाले. “दादा कुठंच न्हाई.”

एवढा वेळ चहाचे कप गोळा करणारी भावजय थांबली. “अक्का, ह्यांचं लावा की. परण्याचं.”

नवरदेव घोड्यावर बसून मारुतीच्या दर्शनाला जातो, त्या मिरवणुकीला आमच्याकडे परण्या म्हणतात. भावाच्या परण्यात मास्तरांचीच पार्टी होती, आणि त्याने शेरवानीच्या खिशात मोबाइल चालू ठेवला होता. एवढा तो शौकीन.

“लोकं नवरीकडं बघत्येत,” भावजय म्हणाली, “आन् हे मांडवात आले तरी खिशात वाकून बघायलेत. मला वाटलं, नवरदेवाला मुंग्या चावल्या का काय!”

“तू तर खाली मान घालून बसली होतीस ना?” भाऊ म्हणाला.

“खाली मान घातली म्हणूनच दिसलं!”

ते रेकॉर्डिंग पुसायच्या यादीत सगळ्यात वर होतं. घोड्याची घुंगरं, भावाचा खोकला आणि आमच्या आत्याची उन्हाबद्दलची तक्रार. मी म्हटलं, ते ऐकण्यासारखं नाही. भाऊ म्हणाला, “लाव तरी अक्का.”

लावलं. आधी कापडाची खसखस. मग घुंगरं, मग आत्या. आणि त्यानंतर ढोलकी, अगदी कानाशी. बँजो लांब, पलीकडच्या गल्लीत वाजावा तसा. मास्तर खुर्चीवरून उठून स्पीकरपाशी येऊन बसले. बँजोचा वेग वाढत गेला, घुंगरं जोरात वाजायला लागली, आणि एक खणखणीत आवाज आला:

“अय धाकट्या, दम धर! घोडं बिथरायलंय!”

लांबचा बँजो कशाचा ऐकतो! मग ढोलकीनेच ठेका मोडला, अर्ध्यावर आणला आणि ओढून ओढून बँजोला जागेवर बसवलं. घुंगरं शांत झाली.

मास्तर मोठ्याने हसले. “बघा, हितं बी मलाच रागवायलाय!” मग रुमालाने डोळे पुसले आणि म्हणाले, “परत लावा.”

आम्ही ते परत लावलं, मग आणखी एकदा. खोकला आणि आत्याचं बोलणं तेवढं काढून देते, असं मी सुचवलं. मास्तर नको म्हणाले. “काढता काढता दादाची एखादी थाप जायची.” भावजय म्हणाली, “खोकला बी ऱ्हाऊ द्या, माझ्या लग्नातला हाय तो.”

पुसणं रद्द झालं. ‘क’मधली मागच्या बाजूने केलेली सगळी रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकायची आणि दुसरी डिस्क आणायची ठरलं. डिस्क मी दुसऱ्याच दिवशी आणली.

वहिनींकडे सकाळी भजनं लावायचा छोटा स्पीकर आहे, त्यात कार्ड बसतं. परण्याचं रेकॉर्डिंग मी कार्डावर घेतलं आणि तसल्याच एका स्पीकरवर वाजवून पाहिलं. कार्ड घेऊन जा म्हणून मास्तरांना फोन केला, तर म्हणाले, “मला एकट्याला न्हाई जमायचं ताई. ती ऐकायली की मी तिथं कसा बसू? तुमी समदे चला.”

वहिनी सध्या सोयाबीनच्या काढणीत, आम्ही दुकानाच्या गर्दीत. कार्ड पाकिटात घालून, वर वहिनींचं गाव लिहून, गल्ल्याशेजारच्या खणात ठेवलं आहे. पोखर्णीला जाणं तेवढं अजून झालेलं नाही.