विश्वनाथरावांचा रीतसर आक्षेप

दिल्लीतल्या आमच्या द्वारकेच्या सोसायटीत विश्वनाथराव लिफ्टमध्ये शिरले की आतले लोक पिशव्या पोटाशी धरतात. चोरीच्या भीतीने नव्हे. त्या पिशवीत काय आहे आणि काल ती नव्हती तर आज कुठून आली, हे ते विचारतात म्हणून. केंद्र सरकारच्या दक्षता विभागात एकतीस वर्षं काढलेली. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण डोळे अजून ड्यूटीवर. दूधवाल्याच्या पिशवीचं टोक ते रोज उजेडात धरून बघतात. पद्मजाबाई म्हणतात, "लग्नाच्या वेळी माझी पत्रिकासुद्धा यांनी दोन ज्योतिष्यांकडून पडताळून घेतली." मला हे कमी वाटतं. तीन असतील.

असा माणूस फुटबॉल संघाचा मॅनेजर कसा झाला, याबद्दल बरंच ऐकायला मिळतं. खरं कारण साधं आहे. फरीदाबादच्या कारखान्यांतल्या मुलांचा एक क्लब आहे. कागद सांभाळायला त्यांना कुणीतरी हवं होतं आणि कर्णधार मानस हा पद्मजाबाईंच्या बहिणीचा मुलगा. बेअरिंगच्या कारखान्यात पाळी करून खेळणारा. यंदा हा क्लब राष्ट्रीय बाद फेरीच्या चषकात पहिल्यांदाच क्वार्टरफायनलला पोचला. हरला की घरी, दुसरी संधी नाही. मुलांनी रजा साठवून ठेवल्या होत्या. पुढच्या वर्षी त्यातली निम्मी कुठल्या गावी कामाला असतील, कुणी सांगावं?

विश्वनाथरावांनी पहिल्या फेरीपासून दिल्लीतला एकही सामना सोडला नव्हता. आपला नसला तरी जायचे, आणि दोन्ही संघांच्या खेळाडूंच्या यादीची झेरॉक्स मागून आणायचे. मी विचारलं, "कशाला हो?" म्हणाले, "लागेल."

आणि लागली की! क्वार्टरफायनल एक-एक अशी चालली होती. सत्तराव्या मिनिटाला समोरच्या संघाने एक बदली खेळाडू आणला. त्याने फ्री किकआधी दोन्ही तळवे मोज्यांना पुसले, आणि विश्वनाथराव माझ्या शेजारी ताठ झाले.

"याला मी पाहिलंय."

"तुम्ही सगळ्यांनाच पाहिलेलं असतं."

पिशवीतून झेरॉक्स निघाली. पहिल्या फेरीत भलत्याच क्लबकडून सतरा नंबर, शेवटची दहा मिनिटं. नाव तेच, जन्मतारीख तीच. एका मोसमात या चषकात एका क्लबकडून खेळलेला माणूस दुसऱ्याकडून खेळूच शकत नाही. मी कागद बघेपर्यंत त्याने गोल मारला होता. दोन-एक. तेवढ्यावरच शेवटची शिट्टी.

मानस गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. विश्वनाथरावांनी त्याच्या हातात झेरॉक्स ठेवली. "आपण हरलो नाही. आक्षेप मान्य झाला की निकाल उलटतो. पाच वाजलेत, सातपर्यंत मुदत आहे."

मी त्यांना कधी इतकं खूश पाहिलं नव्हतं. उभ्या आयुष्यात त्यांचा एक तरी संशय खरा ठरला होता! सामन्याचे कमिशनर वीस पावलांवर चहा पीत बसले होते. आक्षेपाचं पत्र लिहायचं, सही करायची आणि त्यांच्या हातात द्यायचं, एवढंच.

पण एकतीस वर्षांची सवय. आधी पेन्सिलने कच्चा मसुदा, मग पक्का. आणि सही? "मी मॅनेजर. अध्यक्षांच्या सहीशिवाय पत्र बाहेर जाईल कसं?" क्लबचे अध्यक्ष सुधन्वा हेही निवृत्त अधिकारीच, घरी फरीदाबादला.

मानस म्हणाला, "काका, व्हॉट्सॲपवर मागवू ना यार!"

"सहीचा फोटो म्हणजे सही नव्हे. फोटोचं काय सांगावं?"

दिल्ली गेटच्या मैदानावरून ते थेट मेट्रोने निघाले. तासाभराने पोचले. अध्यक्षांनी पत्र दोनदा वाचलं, 'विनंती' खोडून 'सविनय विनंती' केली, तारीख घातली, सही केली. परत यायला पुन्हा एक तास. आठला वीस मिनिटं कमी होती.

कमिशनरांनी कागद हातात घेतला, घड्याळ पाहिलं. "अंकलजी, बात आपकी सही लगती है. लेकिन टाइम निकल गया." मग नियमांची पुस्तिका उघडून बोट ठेवलं. आक्षेपावर मॅनेजरची सही पुरेशी.

पुढचे चार दिवस विश्वनाथरावांचा संशय अध्यक्षांवर होता. मुद्दाम सावकाश वाचलं म्हणे. मग पुस्तिकेवर. ते पान मागाहून घातलं असेल म्हणून त्यांनी स्टेपलची भोकं भिंगाखाली तपासली. भोकं जुनीच होती.

रविवारी मानस द्वारकेला आला. मी तिथेच होतो. असं काही मी चुकवत नाही. विश्वनाथराव उठून उभे राहिले.

"नियम पहिल्यापासून तसाच होता. दुनियेचे कागद वाचले, तेवढाच वाचला नाही. तुमचा सामना मी घालवला."

मानसने त्यांना हाताला धरून खाली बसवलं. मग म्हणाला, "तो माणूस तोच होता ना, काका?"

"तोच."

"बस. पोरांना तेवढंच हवं होतं. ते म्हणतायत, पुढच्या वर्षीही मॅनेजर तुम्हीच."

विश्वनाथरावांचे डोळे बारीक झाले. "का? दुसरं कुणी तयार होत नाही का?"

मानस पद्मजाबाईंना म्हणाला, "मावशी, चहा टाक ना."