वन्संचे अकरा मासे

गेली वीस वर्षं मी देवापुढे नळाचं पाणी ठेवलं नाही. गल्लीच्या टोकाच्या विहिरीवरून तांब्याभर आणायचे. यंत्रातून, नळ्यांतून, औषधातून फिरून आलेलं पाणी देवाला कसं चालेल, असं माझं मत. आणि माझी सख्खी नणंद नेमकी त्याच यंत्रांवर नोकरीला!

"अगं, विहीर काय देवाने खणली?" वन्सं म्हणायच्या. "माणसांनीच खणली. आणि पहार काय झाडाला लागली होती?"

वन्सं जलशुद्धीकरण केंद्रात पाणी तपासतात. एकतीस वर्षं झाली. पांढरा कोट, खिशात तीन पेनं, त्यातलं चालणारं एकच. त्यांच्या खोलीत भिंतीवर मीटर, टेबलावर बाटल्या, आणि खिडकीपाशी एक काचेची पेटी. तिच्यात नदीतले बोटभर लांबीचे अकरा मासे. नदीतून आलेलं थोडं पाणी, औषध पडण्याआधी, एका बारीक नळीने या पेटीतून वाहतं. केंद्रातले लोक वन्संना 'माशांची मावशी' म्हणतात, काही प्रेमाने, काही टोचून.

"मीटरला जेवढं शिकवलंय तेवढंच ते शोधतं," वन्सं मला सांगायच्या. "माशांना शिकवावं लागत नाही, पण त्यांना नाव सांगता येत नाही. म्हणून मला दोघं लागतात."

आता माझी गोष्ट लिहायलाच हवी. गेल्या महिन्यात मी वन्संचा डबा घेऊन गेले होते. त्या बाहेर टाक्यांवर होत्या. माझा फोन मेलेला, सकाळचं भजन अर्धं राहिलेलं. टेबलाखाली एक प्लग दिसला, तो काढून मी चार्जर लावला आणि डोळे मिटून जपाला बसले. तो प्लग पेटीत पाणी आणि हवा सोडणाऱ्या पंपाचा होता. तासाभराने वन्सं आल्या तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडत होते. पाण्यात विष आलं असं समजून त्यांनी धावत जाऊन गावाचं पाणी तोडलं. दुपारपर्यंत नळ कोरडे.

मग त्यांना माझा चार्जर दिसला. त्यांनी तो गुपचूप माझ्या पिशवीत टाकला आणि साहेबांना म्हणाल्या, "माझी चूक."

मी तिथेच उभी होते. दिवसातून हजारदा देवाचं नाव घेणारी माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी रोज नामजप लिहिते त्या वहीचं त्या दिवशीचं पान कोरंच सोडलं.

साहेब नवे, तरुण. त्यांनी हुकूम काढला, "शनिवारी पेटी उचलायची. मत्स्यालय घरी करा, मावशी."

शुक्रवारी मी डबा घेऊन गेले, आज कबूल करायचंच असं ठरवून. वन्सं पेटीपुढे खांबासारख्या उभ्या. एरवी मासे प्रवाहाकडे तोंड करून, ओवलेल्या मण्यांसारखे तिरके उभे असतात. आज अकराच्या अकरा, पाणी बाहेर जातं त्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेले. वन्संनी आधी प्लग पाहिला, मग माझ्याकडे.

"मी हात नाही लावला हो!" मी दोन्ही हात वर केले.

पंप चालू होता. मीटर सगळे हिरवे. तेवढ्यात साहेब आले.

"पुन्हा? मावशी, मीटर बघा ना."

"बघितले. त्यांना जे विचारलंय, त्याचं ते बरोबर उत्तर देतायत."

"म्हणजे पुन्हा गावाला तहानलेलं ठेवायचं?"

"नाही. उंच टाकीत दोन तासांचं पाणी आहे. नदीकडचा व्हॉल्व्ह बंद करते, मोठ्या यंत्रात नमुना घालते. चाळीस मिनिटं द्या. काही निघालं नाही, तर पेटी मीच उचलते. आजच."

मी डबा खाली ठेवून पुढे झाले. "साहेब, मागच्या वेळी प्लग मी काढला होता."

"तुम्ही? कशाला?"

"भजनासाठी."

साहेबांनी वन्संना हातानेच खूण केली, करा.

मोठं यंत्र कपाटाएवढं. वन्संनी सुईने त्याला थेंबभर पाजलं. पडद्यावर एक सरळ रेघ हळूहळू सरकू लागली. मी जप करत होते, पण आज उघड्या डोळ्यांनी. साहेब नखं खात होते. सव्विसाव्या मिनिटाला त्या सपाट रेघेतून गवताच्या पात्यासारखं एक टोक वर आलं.

"हे बघा," वन्सं म्हणाल्या. "फवारणीचं औषध. वरच्या बागांतून वाहून आलंय."

"किती आहे?" साहेबांनी विचारलं.

"पोहायच्या तलावात मिठाचे चार खडे टाकले असते, तर एवढं."

चार खडे! मोहरीएवढा मेंदू नसेल त्या माशांचा, त्यांना ते कळलं. आणि माणसाने असं कपाट बनवलं की त्याने त्या चार खड्यांचं नाव सांगितलं. माझे हात आपोआप जोडले गेले. पेटीकडे वळावं की कपाटाकडे, तेच कळेना. मग दोन्हींच्या मधोमध उभी राहिले.

"बाजूला हो, उजेड अडवतेस," वन्सं म्हणाल्या, आणि मासे स्वच्छ पाण्याच्या बादलीत काढू लागल्या. अकराही जिवंत होते. संध्याकाळी नदी निवळली, तपासणीत पाणी चोख निघालं, तेव्हाच व्हॉल्व्ह उघडला. तोवर गाव केंद्राच्या राखीव तलावाच्या पाण्यावर होतं. कुणाला काही कळलंही नाही.

पेटी जागेवरच आहे. साहेबांनी तिच्यावर कॅमेरा बसवलाय. मासे कोपऱ्यात गोळा झाले की सगळ्यांच्या फोनवर घंटी वाजते. प्लगवर त्यांनी चिठ्ठी लावली, 'हा प्लग काढू नये.' खाली वन्संच्या अक्षरात, 'भजनासाठीसुद्धा.'

आणि विहिरीचं पाणी? मीच बाटलीत भरून वन्संकडे नेलं. त्यांनी तपासलं, बाटली सिंकमध्ये ओतली आणि हात साबणाने दोनदा धुतले.

आज सकाळी मी नळ सोडला. तांब्या भरला, उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिला. काहीच दिसलं नाही. मला दिसणारही नव्हतं. ज्यांना दिसतं, ते माझ्याआधी पाहून गेले होते. तांब्या मी देवापुढे ठेवला.